मागची बाजू

ग्लदानीतल्या त्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
त्सियालाबाईंनी माझंही टाकलं,
आणि अकरावा मजला येईस्तोवर सगळं सांगून मोकळ्या झाल्या:
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं,
मग खुर्ची गेली, नंबर डोक्यात राहिले.
बॉयलरला कुणाला बोलवायचं, कुलपाला कुणाला,
कोण उधारी ठेवतं,
कोण चहा घेतल्याशिवाय उठत नाही.
"याचं ऑनलाइन काहीतरी कर.
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मी सांगितलं: सर्व्हर, डेटाबेस, ॲप, आठ महिने.
आणि कंपनीत चाळीस टक्के माझे.
दुकानातला महागडा कोट बघावा
तसं त्यांनी ते ऐकलं:
हात फिरवला, अस्तर उलटून पाहिलं,
परत खुंटीला लावलं.
मी जिन्यानं उतरलो.

फेब्रुवारीत साइट सुरू झाली.
एकच पान. तयार चौकटी ओढून आणून जोडलेल्या,
पक्कडीचा फोटो उलटा,
आणि शुद्धलेखनाची एकच चूक,
तीही नेमकी 'दुरुस्ती' या शब्दात.
खाली बटण: काय बिघडलंय?
ऑफिसात मी ते सगळ्यांना दाखवलं.
पोट धरधरून हसलो आम्ही.

मार्चमध्ये, रात्री दोनला, आमचा बॉयलर फुटला.
आई परात घेऊन उभी, परात केव्हाच भरलेली.
मी ते बटण दाबलं.
नाव आईचं घातलं.

एक्केचाळीस सेकंद.
"अंझोर निघालेत, निळी व्हॅन.
तोवर मुख्य कॉक बंद करा.
तुमच्या धाटणीच्या इमारतीत तो सिंकखाली नसतो,
बाथरूमच्या दारामागे असतो, फळी काढावी लागते."

होता. दारामागेच होता.
इतकी वर्षं मी त्या फळीवर टॉवेल टाकत आलो.

झोप कसली येते मग!
कुणी लिहून दिलं हे यांना?
कुठलं इंजिन? कुणाचं डोकं?
सकाळी नाणं टाकून वर गेलो.

स्वयंपाकघर. मेणकापड. चार फोन,
प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं रबरबँड.
"बटण दाबलं की जातं कुठे?"
"या लाल फोनवर."
"आणि मग?"
"मग मी उठते."

शाळकरी चौकटीची वही पुढे सरकवली त्यांनी.
अंझोर: बॉयलर. हात चांगला. सोमवारी दुपारनंतरच.
वाझा: कुलपं. कुत्रा असलेल्या घरी पाठवू नये.
झुझुना: शिवणयंत्रं. पैसे मागायला लाजते, मी मागते.
ओमारी: फ्रिज. यावर काट.
काटेखाली, बारीक अक्षरात:
चाळिसावा झाला की मुलाला विचारणे,
त्याला काम येतं का. घाई करू नये.

ही ओळ माझ्या डेटाबेसात
कुठल्या रकान्यात बसली असती?
चहा गार झाला, तरी बसेना.

"गेल्या आठवड्यात एकशे सहा आले," त्या म्हणाल्या,
"आणि माझं वय तुझ्या आईएवढं.
टक्के देणार नाही. पगार देईन.
रात्री दोन ते सहा मला झोपायचंय,
तेवढं तुझं यंत्र सांभाळेल?"

सांभाळेल म्हणालो. त्यात काय आहे, असंही म्हणालो.

तेवढ्यात लाल फोन थरथरला.
किल्ली कुलपात मोडलेली, बाई बाहेर, दार बंद.
मी मनात म्हटलं, सोपं आहे: कुलूप, पत्ता, वाझा.
त्या मात्र उठून खिडकीशी गेल्या होत्या
आणि आवाज अगदी खाली आणून विचारत होत्या,
आत कोण आहे, बाळा?
किती वर्षांचा?
शेगडी चालू आहे का?
त्याला दारापाशी बसव, गाणं म्हणत राहा,
माणूस निघालाय.
किंमत शेवटपर्यंत निघालीच नाही.

मी वहीचं कोरं पान उघडलं,
तिथलीच पेन्सिल घेतली,
आणि प्रोग्रामची पहिली ओळ लिहिली:
आधी विचारायचं, आत कोण आहे.
दुसरी अजून सुचलेली नाही.